तीन महिन्यांच्या आत डाग लागला तर काय बघायचं आणि कधी पळायचं

ताई, तुम्ही लिहिलंय की आठवा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ, कालपासून चॉकलेटी डाग लागतायत, ओटीपोटात पाळीसारखं बारीक दुखतंय आणि दोन दिवसांपासून उलट्या एकदम थांबल्यात म्हणून जास्तच भीती वाटतेय. सासूबाई म्हणतात पाय वर करून पडून राहा आणि तीन महिने भरल्याशिवाय सोनोग्राफी नको. तर गर्भपात होणार असेल तर आधी कळतं का, कशावरून कळतं आणि तो थांबवता येतो का, असं तुमचं विचारणं आहे.

मी चोवीस वर्षं तालुक्याच्या गावी स्त्रीरोग आणि बाळंतपणाचं काम करते. आधी उत्तर देते, कारणं नंतर सांगते. उद्या सकाळी सोनोग्राफी करून घ्या, तीन महिने थांबायचं नाही. आणि आज रात्रीतच रक्त लाल होऊन वाढलं, पोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं तर सकाळचीही वाट बघू नका. १०८ ला फोन करा नाहीतर शेजाऱ्यांची गाडी काढा. अशा वेळी एकटीने स्कूटर चालवत मुळीच यायचं नाही, कारण रस्त्यात चक्कर येऊ शकते.

आता तुमच्या डागांबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत कधी ना कधी थोडं तरी अंगावरून जाणं हे साधारण चारातल्या एका बाईला होतं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं बाळंतपण पुढे व्यवस्थित होतं. चॉकलेटी किंवा कॉफीसारखा रंग म्हणजे जुनं रक्त, आधी कधीतरी सुटलेलं, आत थांबून हळूहळू बाहेर येणारं. लाल ताजं रक्त म्हणजे आत्ता सुटतंय. म्हणून रंग बघायचा, पण रंगावरून एकदम निष्कर्ष काढायचा नाही, कारण चॉकलेटी डाग सगळ्यात धोकादायक प्रकारातही लागतात, ते खाली सांगते. पाळीच्या तारखेच्या आसपास गर्भ पिशवीत रुजताना डाग लागू शकतो, संबंधानंतर लागू शकतो कारण या दिवसांत पिशवीचं तोंड नाजूक असतं, इन्फेक्शनने लागू शकतो, आणि कधीकधी गर्भाच्या पडद्यामागे थोडं रक्त साठतं त्यामुळेही लागतो. रिपोर्टवर त्याला सबकोरिऑनिक हिमॅटोमा लिहितात आणि तो शब्द वाचून लोक घाबरून पळत येतात, पण छोटा असेल तर तो बहुतेक वेळा आपोआप जिरतो.

गर्भपाताकडे चाललंय हे दाखवणारं रक्त वेगळं असतं. डागापासून सुरुवात होते, मग पाळीसारखं लाल, मग पाळीपेक्षा जास्त, त्यात गाठी, आणि सोबत पोटात कळा. या कळांबद्दल नीट सांगते. पिशवी वाढताना ओटीपोटात थोडं ओढल्यासारखं, पाळी येणार असल्यासारखं वाटतं आणि ते बऱ्याच जणींना वाटतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण दुखणं येतंय, वाढतंय, ओसरतंय, परत येतंय, कंबर मोडून येतेय आणि प्रत्येक कळेबरोबर रक्त जास्त जातंय असं असेल तर पिशवीचं तोंड उघडायला लागलेलं असू शकतं. तोंड एकदा उघडलं की मग औषधाने तो गर्भ टिकत नाही, हे मला पेशंटला सांगावं लागतं आणि आजही ते सांगताना जड जातं.

रक्त किती जातंय हे आमच्याकडे बायका "खूप जातंय" किंवा "थोडंच आहे" एवढंच सांगतात, त्यावरून काही कळत नाही. म्हणून पॅड वापरा आणि मोजा. मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजलं, असं लागोपाठ दोन तास झालं, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडायला लागल्या की ताबडतोब दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. टॅम्पॉन किंवा कप आत घालायचा नाही. कपडा वापरत असाल तर निदान किती वेळा बदलला ते मोजा. मांसाच्या तुकड्यासारखं काही बाहेर पडलं तर ते टाकून देऊ नका, स्वच्छ डबीत घालून सोबत आणा. ऐकायला कसंतरी वाटतं हे मला माहितीये, पण त्यावरून आम्हाला कळतं की सगळं बाहेर आलंय की अजून काही आत आहे, आणि पुन्हापुन्हा गर्भपात होत असेल तर तपासणीलाही पाठवता येतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे एवढं लांब लिहायला बसले ती. गर्भ पिशवीत आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत कुठल्याही दुखण्याला किंवा डागाला मी साधा डाग म्हणत नाही. शंभरातल्या एकदोन जणींचा गर्भ पिशवीत न राहता नळीत, म्हणजे अंडं पिशवीकडे आणणाऱ्या नळीत, राहतो. नळी वाढत्या गर्भाला जागा देऊ शकत नाही, ती फुटते, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास, आणि रक्त बाहेर न येता पोटात साठतं. बाहेर फक्त चॉकलेटी डाग दिसतात, म्हणून सगळ्यांना वाटतं काही विशेष नाही.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या हंगामात एका टोळीतल्या बाईला ट्रॅक्टरमधून आणलं होतं. आठवडाभर थोडं थोडं अंगावरून जात होतं, तिला वाटलं पाळीच आलीय पण नीट येत नाहीये. दिवस गेलेत हे तिला माहीतच नव्हतं. सकाळपासून खांदा दुखतोय म्हणाली, सगळ्यांना वाटलं मोळ्या वाहून दुखतोय, ॲसिडिटीची गोळी दिली. संध्याकाळी संडासला जाताना चक्कर येऊन पडली तेव्हा आणली. हात लावला तर अंग गार, नाडी पळतेय, बीपी ऐंशीच्या खाली, हिमोग्लोबिन पाच. पोटात दोन लिटरच्या आसपास रक्त होतं. वाचली, कारण त्या रात्री रक्ताच्या बाटल्या मिळाल्या आणि टोळीतल्या माणसांनी रक्त दिलं. तो खांदा पोटातल्या रक्तामुळे दुखत होता. रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं. पडल्यावर जास्त, बसल्यावर कमी. एका बाजूला पोटात दुखणं, शौचाला लागल्यासारखी सारखी भावना, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी आणि खांदा, यातलं काहीही डागाबरोबर असेल तर तो डाग कितीही बारीक असो, निघा. आधी नळीचं ऑपरेशन झालंय, नळीत गर्भ राहिलेला आहे, कॉपर टी असताना दिवस राहिलेत, किंवा पोटात इन्फेक्शन होऊन गेलंय अशांनी तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्याबरोबर सोनोग्राफीची तारीख घ्यावी. आणि मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आणून घरीच घेणाऱ्यांनाही सांगते, नळीतला गर्भ त्या गोळ्यांनी जात नाही, रक्त गेलं म्हणून सुटलो असं समजून बसतात आणि नळी फुटून येतात.

तर सासूबाईंना सांगा की सोनोग्राफी बाळाला त्रास देत नाही, आतून म्हणजे योनीमार्गातून केलेलीसुद्धा नाही, आतून केल्याने गर्भ पडत नाही. सातव्या-आठव्या आठवड्यात ती आतूनच जास्त स्पष्ट दिसते. आणि उद्या त्यात ठोके दिसले, डाग असेच बारीक राहिले, तर पुढे नीट जाण्याची शक्यता दहात नऊच्या पुढे असते. ही भीती घेऊन आणखी चार आठवडे काढण्यापेक्षा हे एक वाक्य ऐकणं केव्हाही बरं.

उलट्या थांबल्या म्हणून घाबरलात. उलट्या एक दिवस जास्त, एक दिवस कमी असं चालतंच, बाराव्या आठवड्याच्या सुमाराला बहुतेकींच्या कमीही होतात, आणि काही जणींना पहिल्यापासून होतच नाहीत. छाती हलकी वाटणं, मळमळ जाणं, भूक परत येणं या एकट्या खुणेवरून मी कधीच काही ठरवत नाही. पण उलट बाजूही सांगायला हवी. काही वेळा गर्भाची वाढ थांबलेली असते आणि बाईला काहीच कळत नाही, ना रक्त ना दुखणं, नेहमीच्या सोनोग्राफीला येते आणि ठोके नसतात. याला रिपोर्टवर मिस्ड अबॉर्शन लिहितात. त्या अबॉर्शन शब्दावरून घरात संशय घेतलेले मी पाहिलेत, हिने गोळ्या खाल्ल्या असतील म्हणून. तो डॉक्टरी भाषेतला शब्द आहे, आपोआप झालेल्या गर्भपातालाही तोच वापरतात, नवऱ्याने आणि सासरच्यांनी हे नीट समजून घ्यावं. आणि घरी लघवीची टेस्ट परत परत करून उपयोग नाही, गर्भ गेल्यावरही दोनतीन आठवडे ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

एका सोनोग्राफीवर घाई करू नका हेही लिहिते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि ज्यांची पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते त्यांचा गर्भ तारखेपेक्षा लहानच दिसणार. गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असून ठोके नाहीत, किंवा आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची थैली सरासरी २५ मिलिमीटरची होऊन आत काहीच नाही, तेव्हाच गर्भ राहिला नाही असं म्हणता येतं. त्याच्या आत असेल तर सात ते चौदा दिवसांनी परत बघायचं. माझ्याकडे एक मुलगी आली होती, दुसरीकडे तिला पिशवी साफ करायला सांगितलं होतं. तिची पाळी पंचेचाळीस दिवसांची. बारा दिवसांनी परत केली, ठोके. ती मुलगी आता तिसरीत आहे, म्हणजे पोटातली हो. ते बारा दिवस तिच्या आईने कसे काढले ते तिलाच माहीत, पण रक्तस्राव नसताना आणि तब्येत बरी असताना थांबण्यात धोका नसतो. नळीतला गर्भ नाही एवढं मात्र आधी बघून घ्यायचं.

थांबवता येतो का, या प्रश्नाचं खरं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले साधारण निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असल्याने होतात. बीज आणि अंडं एकत्र येतानाच ती गडबड झालेली असते, म्हणून तुम्ही जिना चढलात, पपई खाल्ली, एसटीने माहेरी गेलात, ग्रहणात भाजी चिरली, हात वर करून कपडे वाळत घातले यातल्या कशानेही ते झालेलं नसतं. जगभरात माहीत झालेल्या गरोदरपणांपैकी साधारण १५ टक्के असे जातात, आईचं वय चाळीसच्या पुढे असेल तर प्रमाण बरंच वाढतं. पडून राहण्याने गर्भ टिकतो असं अभ्यासांत कुठेही दिसलेलं नाही. थकवा असेल तर आराम करा, जड उचलू नका, डाग थांबेपर्यंत संबंध नको असं मीही सांगते, पण पाय उशीवर ठेवून महिनाभर छताकडे बघत पडायची गरज नाही, उलट पायात रक्ताची गाठ व्हायची भीती.

गर्भ टिकवायच्या गोळ्या आणि इंजेक्शनं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, आपल्याकडे सरसकट सगळ्यांना दिली जातात. ब्रिटनमध्ये ४,१५३ बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. नुसतं रक्त जातंय अशा सगळ्यांना धरलं तर फरक फारसा नव्हता. पण आधी गर्भपात झालेले आहेत आणि आत्ताही रक्त जातंय अशांना फायदा दिसला, तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत ७२ टक्क्यांना मूल झालं, गोळी न घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांना. म्हणून तुमच्या पहिल्या वेळेला डॉक्टरांनी दिली तर घ्या, नाही दिली तर काही चुकतंय असं समजू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, बाकी दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

काही गोष्टी मात्र आपल्या हातात असतात आणि त्याबद्दल मी रागावतेसुद्धा. मिश्री. आमच्या भागात सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या पोरी आहेत, ती तंबाखूच आहे, दिवस राहिले की बंद म्हणजे बंद. शुगर, थायरॉइड तपासलेलं नसणं. पिंपल्सच्या काही गोळ्या. अंगात ताप असताना चार दिवस घरीच काढणं. लघवीला जळजळ होतेय पण सांगायची लाज.

तीन महिन्यांनंतरचं थोडं वेगळं असतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात रक्त कमी आणि खुणा बारीक असतात. खाली जड वाटतं, काहीतरी उतरतंय असं वाटतं, पाण्यासारखं किंवा गुलाबी शेंबडासारखं जातं, कंबर सारखी धरते. दुखत नाही म्हणून बायका थांबतात, आणि पिशवीचं तोंड आत न दुखताच उघडत गेलेलं असतं. ज्यांचा आधी असा चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गेलाय त्यांनी पुढच्या वेळी दिवस राहिल्याबरोबर सांगायचं, गरज वाटली तर बारा ते चौदा आठवड्यांच्या सुमाराला तोंडाला टाका घालता येतो आणि त्याने मुलं झालेली मी पाहिलीत. अंगावरून अचानक पाणी गेलं तर लघवी असेल म्हणून सोडून देऊ नका, पॅड लावा आणि ते पॅड घेऊनच या.

आणि गर्भपात झालाच, तर नंतरच्या खुणाही माहीत असाव्यात. ताप १००.४ च्या वर, थंडी वाजणं, वास येणारं पाणी जाणं, पोट हात लावू देत नाही, म्हणजे आत काही राहून इन्फेक्शन झालंय, तिथे एक दिवसही दवडू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का हे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो. दर वेळी क्युरेटिंग करावंच लागतं असं नाही, कधी आपोआप बाहेर येतं, कधी गोळ्यांनी, कधी पिशवी साफ करावी लागते, ते किती आठवडे आहेत आणि रक्त किती जातंय त्यावर ठरतं. एकदा झाला म्हणून पुढच्या वेळीही होईल असं नाही, बहुतेकींचं पुढचं नीट होतं. लागोपाठ दोनतीनदा झाला तर मात्र नवराबायको दोघांच्या तपासण्या करायच्या. नोकरी करत असाल तर कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आहे, दवाखान्याचा कागद जोडून मागा, बहुतेकींना हे माहीतच नसतं.

तीन महिने कोणाला सांगायचं नाही ही आपली पद्धत मला कळते, नजर लागेल म्हणून असेल किंवा नंतर सांगत बसावं लागू नये म्हणून असेल. पण त्यामुळे होतं काय, सगळ्यात जास्त धोक्याच्या दिवसांत बाईजवळ विचारायला कोणी नसतं आणि ती अंगावर काढते. निदान नवऱ्याला, आईला किंवा एखाद्या मैत्रिणीला आणि तुमच्या आशाताईंना सांगून ठेवा, गरोदरपणाचं कार्ड काढून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेच्या सरकारी तपासणीला दाखवू असं म्हणून डाग घेऊन थांबू नका, त्यासाठी कुठलीही तारीख चालते.

उद्या जाताना आधार कार्ड घ्या, सोनोग्राफीचा फॉर्म भरायला लागतं. रक्तगटाचा रिपोर्ट असेल तर घ्या, शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून घ्या, काल संध्याकाळपासून किती पॅड लागले तेही लिहा. आतून सोनोग्राफी करायची असेल तर लघवी करून जा, पोटावरून करायची असेल तर पाणी पिऊन. आणि आज रात्री सासूबाईंना शेजारी झोपायला सांगा, म्हणजे चक्कर आली तर हाक मारायला कोणीतरी जवळ असेल.